दुखण्याचं मूळ कसं शोधायचं: निसर्गोपचाराकडे पहिल्यांदा वळणाऱ्या खान्देशकरांसाठी

निसर्गोपचाराकडे नवा माणूस येतो तो बहुतेक वेळा उपाय विचारतच येतो. मातीची पट्टी किती वेळ ठेवायची, कटिस्नान (टबमध्ये बेंबीपर्यंत पाण्यात बसणं) सकाळी घ्यायचं की संध्याकाळी, कोणता रस प्यायचा. प्रश्न चुकीचे नाहीत, पण ते शेवटचे प्रश्न आहेत. या पद्धतीचा पाया वेगळा आहे. दुखणं कशामुळे आलं ते आधी शोधा, ते कारण शक्य असेल तर दूर करा, आणि मग शरीराला सावरायला मदत करा. हा क्रम उलटा झाला की माणूस महिनोन्‌महिने पोटावर माती थापत राहतो आणि कारण तसंच राहतं.

हा क्रम घरी कसा पाळायचा ते इथे पायरीपायरीने सांगतो. जळगाव, धुळे, नंदुरबारचं ऊन, इथलं जेवण, इथली शेतीची कामं डोळ्यापुढे ठेवून लिहिलं आहे, कारण दुखण्याची कारणं बऱ्याचदा याच गोष्टींत सापडतात.

सुरुवातीआधी: ‘एकच मूळ’ या समजुतीबद्दल

एकोणिसाव्या शतकात जर्मनीत लुई कुन्हे यांनी मांडलं की सगळे रोग मुळात एकच आहेत, शरीरात साठलेलं ‘विजातीय द्रव्य’ हे त्यांचं कारण, आणि ते बाहेर काढणं हाच उपाय. गांधीजींवर कुन्हे यांचा मोठा प्रभाव होता. दक्षिण आफ्रिकेत असताना त्यांनी स्वतःवर आणि घरच्यांवर कुन्हे यांनी सांगितलेले कटिस्नानासारखे स्नानोपचार केले, आणि पुढे 1946 मध्ये पुण्याजवळ उरुळी कांचनला निसर्गोपचार केंद्र उभं केलं. साधं अन्न, पाणी, माती, ऊन, विश्रांती यांवरचा त्यांचा भर आजही मोलाचा आहे.

पण सगळ्या रोगांचं एकच कारण असतं, हे आज मानता येत नाही. क्षयाला जंतू कारण असतो, सिकलसेल हा रक्ताचा आजार आई-वडिलांकडून येतो, मुतखड्यामागे पाणी, मीठ आणि घराण्याचा कल अशी दोन-चार कारणं मिळून असतात. म्हणून ‘तुमच्या शरीरात विष साठलंय’ एवढंच कोणी सांगितलं तर विचारा: कोणतं, कुठून आलं, कोणत्या तपासणीत दिसलं? उत्तर आलं नाही तर मूळ सापडलेलं नाही असं समजा.

पहिली पायरी: आधी धोका बाजूला काढा

घरी कारण शोधत बसायला वेळ लागतो. काही दुखणी तेवढा वेळ देत नाहीत. छातीत दाब किंवा कळ, एका बाजूचा हात-पाय अचानक लुळा पडणं, बोलणं अडखळणं, काळी डांबरासारखी शौच, कुशीतल्या कळेबरोबर थंडी वाजून ताप, उन्हातून आल्यावर बरळणं किंवा शुद्ध हरपणं, यांपैकी काही असेल तर सरळ दवाखाना गाठा. दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेला खोकला, विनाकारण घटणारं वजन, नवीन गाठ, बरी न होणारी तोंडातली जखम, यांचीही तपासणी आधी आणि निसर्गोपचार नंतर. तंबाखू, गुटखा, मिसरी घरोघर असताना तोंडातल्या जखमेकडे तर अजिबात डोळेझाक करू नका.

आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. चालू असलेली इन्सुलिन, रक्तदाबाची, फिटची, थायरॉइडची औषधं स्वतःहून बंद करायची नाहीत. आहार-विहार सुधारून काही औषधांची मात्रा पुढे कमी होऊ शकते, पण ती ज्यांनी लिहून दिली त्या डॉक्टरांनीच कमी करायची.

दुसरी पायरी: तक्रार आपल्याच बोलीत लिहून काढा

‘अ‍ॅसिडिटी’, ‘वात’, ‘गॅस’ ही निदानं झाली, तक्रारी नव्हेत. तुम्हाला काय होतं ते लिहा. ‘पोटमा आग व्हस’ असंच मनात येत असेल तर तसंच अहिराणीत लिहा. मग त्याला प्रश्न लावा: नेमकं कुठे, कधीपासून, दिवसाच्या कोणत्या वेळी, कशाने वाढतं, कशाने थांबतं, किती वेळ टिकतं.

त्याखाली काळाची एक रेघ ओढा. त्रास सुरू झाला त्याच्या सहा महिने आधीपासून काय काय बदललं ते तिच्यावर मांडा: नवीन औषध, बाळंतपण, रात्रपाळी, घरातला मृत्यू, कर्जाचा ताण, बोअरचं पाणी सुरू झालं, दात काढले, काम बदललं. लोकांना वाटतं की आपल्याला सगळं आठवतं. कागदावर मांडताना मात्र घरातलं दुसरं कोणीतरी म्हणतं, “अगं, तू ती गुडघ्याची गोळी त्याच पोळ्यापासून घेतेस ना?” म्हणून ही रेघ एकट्याने काढू नका, घरच्यांना जवळ बसवा.

तिसरी पायरी: चौदा दिवसांची वही

साधी शाळेची वही पुरे. रोज रात्री झोपण्याआधी भरायची. उठण्याची आणि झोपण्याची वेळ, काय आणि किती वाजता खाल्लं, चहा किती, पाणी किती, लघवीचा रंग, शौच कशी झाली, काम कोणतं केलं, उन्हात किती वेळ, कोणती गोळी घेतली, मन कसं होतं आणि त्रास शून्य ते दहामध्ये किती. बायकांनी पाळीची तारीखही टाकावी. गोळ्यांच्या रकान्यात मेडिकलवरून मागून आणलेली गोळी, कोणी दिलेलं चूर्ण, काढा, सगळं आलं. ‘आयुर्वेदिक आहे, त्याचं काय लिहायचं’ असं म्हणून ते सोडू नका. सांधेदुखीच्या काही बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं आढळतं, आणि पुडीने पहिल्याच दिवशी जादू केली असेल तर ती शंका आधी घ्यायची.

या चौदा दिवसांत काहीही बदलू नका. शेवभाजी खात असाल तर खा, रात्री दहाला जेवत असाल तर जेवा. आधी जसं आहे तसं दिसायला हवं. बहुतेकांना हीच पायरी नको असते, कारण उपाय लगेच हवा असतो. पण सगळ्या शोधात सगळ्यात जास्त हाती लागतं ते इथेच.

चौथी पायरी: तपासण्या टाळू नका

निसर्गोपचार म्हटल्यावर रक्त तपासायचं नाही असं काहींना वाटतं. मला हे कधीच पटलेलं नाही. पाणी, माती, उपवास यांचा उपयोग कुठे होईल आणि कुठे नुकसान होईल, हे तपासणीशिवाय कळत नाही.

थकव्याचं उदाहरण घ्या. ‘हातपाय गळाल्यासारखे होतात’ ही तक्रार सांगणाऱ्यांत कोणाचं हिमोग्लोबिन कमी असतं (गरोदर नसलेल्या स्त्रीत 12 च्या खाली, पुरुषात 13 च्या खाली), कोणाचं थायरॉइड बिघडलेलं असतं, कोणाची साखर वाढलेली असते, कोणाचं बी-12 कमी असतं. माळकरी घरांत मांस-अंडी नसतात, दूधही चहापुरतंच असतं, तिथे बी-12 कमी पडणं सहज शक्य आहे. मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि वर्षानुवर्षे घेतलेली अ‍ॅसिडिटीची गोळी यांमुळेही ते घटू शकतं. हिमोग्लोबिन कमी आहे म्हणून बीट आणि गूळ सुरू करण्याआधी ते का कमी आहे ते पाहा: पाळीत रक्त जास्त जातं का, जंत आहेत का, मूळव्याधीतून रक्त पडतं का, जेवणाला लागून चहा घेता का. जेवणासोबतच्या चहामुळे अन्नातलं लोह कमी शोषलं जातं. चहा तासभर पुढे ढकलणं हा बिनखर्चाचा उपाय आहे.

सातपुड्याच्या पट्ट्यात, धडगाव, अक्कलकुवा, यावल-चोपड्याच्या डोंगराकडच्या पाड्यांवर, थकवा, हाडं दुखणं आणि डोळे पिवळे होणं एकत्र दिसलं तर सिकलसेलची तपासणी करून घ्याच. भिल्ल, पावरा समाजांत हा आजार आढळतो. तो अनुवंशिक आहे, आहाराने मुळातून जात नाही. आई आणि वडील दोघे वाहक असतील (म्हणजे दोष अंगात आहे, पण स्वतः आजारी नाहीत) तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक असते. 1 जुलै 2023 रोजी केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं, म्हणून सरकारी आरोग्य केंद्रात तपासणीची चौकशी नक्की करा. इथे निसर्गोपचारकाची जबाबदारी फार मोठी आहे. थंडी आणि शरीरातलं पाणी कमी होणं या दोन्हींमुळे सिकलसेलच्या रुग्णाला तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. म्हणजे एरवी निरुपद्रवी वाटणारं थंड कटिस्नान किंवा निर्जळी उपवास या माणसाला थेट दवाखान्यात पोहोचवू शकतो. कारण माहीत नसताना उपाय करू नये असं मी म्हणतो ते यासाठी.

पाचवी पायरी: ‘का?’ विचारत खाली उतरा

आता वही आणि रिपोर्ट समोर ठेवा आणि प्रत्येक उत्तराला पुन्हा ‘का?’ विचारा. हे कसं करायचं ते तीन नमुन्यांवरून दाखवतो.

*कापूस वेचणारी बाई, पोटात आग.* घरात सगळे म्हणतात ठेचा सोड. वहीत मात्र दिसतं की ठेचा रोजचा आहे आणि आग काहीच दिवशी आहे. कोणत्या दिवशी? वेचणीच्या दुसऱ्या दिवशी. का? त्या रात्री कंबर दुखते म्हणून ती वेदनाशामक गोळी घेते, तीही अर्धी भाकरी खाऊन. अशा गोळ्या जठराचं अस्तर दुखावतात, व्रणही करू शकतात. मग कंबर का दुखते? दिवसभर वाकून काम आणि कमरेला बांधलेली झोळी भरत भरत जड होत जाते. म्हणजे पोटाच्या आगीचं मूळ कमरेत निघालं. उपायही तिथेच: झोळी अर्धी भरली की रिकामी करायची, मधूनमधून उभं राहून कंबर मागे ताणायची, रात्री कमरेला गरम पाण्याचा शेक, आणि गोळीसाठी डॉक्टरांशी बोलणं. ठेचा थोडे दिवस कमी केला तर आग पडलेल्या पोटाला बरं वाटेल, पण दोष त्याच्यावर टाकून थांबलं असतं तर पुढच्या वेचणीला आग परत आली असती.

*केळीच्या बागेतला सालदार, वारंवार मुतखडा.* खडा का होतो? लघवी घट्ट राहते. का? सकाळी सहाला घर सोडतो, दुपारपर्यंत दोन पेले पाणी. रावेर-यावलचा मे महिना म्हणजे पारा 44-45 च्या घरात, प्यायलेलं पाणी घामातच जातं. मीठ किती? लोणचं, पापड, संध्याकाळी फरसाण. जास्त मिठाने लघवीतून कॅल्शियम जास्त जातं आणि खड्याला माल मिळतो. वडिलांना होता का? होता. म्हणजे कल घराण्याचा, पण त्याला खतपाणी रोजच्या सवयीचं.

इथे मोजमाप सोपं आहे. एक दिवस सगळी लघवी डब्यात मोजायची. चोवीस तासांत दोन ते अडीच लिटर व्हायला हवी. मोजलेला आकडा पाहिला की माणूस आपोआप पाण्याची कळशी बांधावर नेतो. लिंबूपाणी चांगलं, लिंबातलं सायट्रेट खडा धरू देत नाही. फक्त त्यात मीठ टाकू नका. (मूत्रपिंड किंवा हृदय अशक्त असलेल्यांनी पाणी वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावं.)

याच आजारात आपल्याकडे दोन गोष्टी उगाच सोडल्या जातात. एक, वांगं आणि टोमॅटो, बियांमुळे खडा होतो म्हणून. बियांचा खडा होत नसतो, भरिताला बिचाऱ्याला घरातून हाकलायची गरज नाही. दुसरं, दूध-दही, कॅल्शियम असतं म्हणून. उलट जेवणातलं कॅल्शियम आतड्यात ऑक्झलेटला (पालकासारख्या भाज्यांत असणाऱ्या, खडा बनवणाऱ्या द्रव्याला) बांधून ठेवतं. ते कमी केलं तर ऑक्झलेट रक्तात जास्त जातं आणि नेहमीच्या प्रकारचा खडा वाढायला मदतच होते. पालकाचं प्रमाण मात्र खरोखर कमी करावं. खडा पडला तर फेकू नका, तपासायला द्या. तो कोणत्या जातीचा आहे यावर पुढचं पथ्य ठरतं.

*पावसाळ्यानंतर सुरू होणारी डोकेदुखी.* डोकं दुखस, मळमळस, रात्री झोप नाही. पित्त म्हणून आल्याचा रस सुरू. वहीत शेतात औषध मारण्याचे दिवस वेगळ्या रंगाने खुणावले की बऱ्याचदा जोडी लागते. फवारणी उघड्या अंगाने, वाऱ्याच्या उलट, दुपारी. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधं कातडीतूनही शरीरात जातात. घाम-लाळ सुटणं, बाहुल्या बारीक होणं, स्नायू फडफडणं दिसलं तर कपडे काढून, अंग धुऊन, औषधाचा डबा सोबत घेऊन तडक दवाखाना. इतर दिवसांसाठी पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे, तोंड-नाक झाकणं, वाऱ्याची दिशा पाहणं आणि काम संपल्यावर लगेच आंघोळ. अशा घरात मालकीण कधी फवारणीला जात नाही, तरी तिचंही डोकं दुखतं. ते कपडे हाताने कोण धुतं, ते विचारा.

सहावी पायरी: एका वेळी एकच बदल

कारणाचा अंदाज आला की उत्साहाच्या भरात माणूस चहा, साखर, गहू, दूध सगळं एकदम सोडतो. बरं वाटलं तरी कशामुळे वाटलं ते कळत नाही आणि सगळंच आयुष्यभर सोडून बसतो. म्हणून एकच गोष्ट निवडा, दोन ते तीन आठवडे पाळा, वही चालू ठेवा. त्रास कमी झाला तर ती गोष्ट मुद्दाम परत सुरू करून पाहा. दूध सोडल्यावर पोट फुगणं थांबलं आणि घेतल्यावर परत सुरू झालं, तर अंदाज बराच पक्का. परत घेऊनही काही झालं नाही तर दूध निर्दोष, त्याला परत घरात घ्या. पुष्कळ दुखणी काही दिवसांनी आपोआप ओसरतात, आणि त्या आठवड्यात जो उपाय चालू असतो त्याला श्रेय मिळतं; ही उलट चाचणी त्यापासून वाचवते. मात्र ज्या पदार्थाने अंगावर गांधी, सूज किंवा श्वासाचा त्रास झाला असेल तो घरी कधीही परत घेऊन बघायचा नाही.

सातवी पायरी: आता माती, पाणी, ऊन, उपवास

कारण दूर करणं सुरू झालं की उपचारांचा खरा उपयोग होतो. पोटावरची मातीची पट्टी रिकाम्या पोटी वीस ते तीस मिनिटं. माती जमिनीच्या तीन-चार फूट खालची, उन्हात वाळवून चाळलेली, रात्रभर भिजवलेली. आपली काळी माती पाणी छान धरून ठेवते, पण ती कपाशीच्या किंवा केळीच्या शेतातून आणू नका. तिथे वर्षानुवर्षे फवारणी आणि खत पडलेलं असतं. पडीक जागेची घ्या. कटिस्नानात टबमध्ये बेंबीपर्यंत पाणी, पाय बाहेर, दहा ते वीस मिनिटं, जेवणानंतर किमान तीन तासांनी. पाळीत आणि गरोदरपणात नाही. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी चटका देणारं असतं, ते थंड कटिस्नानाला चालत नाही. रात्री घरात भरून ठेवलेलं वापरा. सूर्यस्नान हिवाळ्यात करा. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत ऊन अंगावर घेणं उपचार राहत नाही.

उपवास आणि रसाहार यांत सगळ्यात जास्त काळजी लागते. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याची साखर उपवासात धोकादायक खाली जाऊ शकते. मूत्रपिंड कमजोर असणाऱ्याला फळं-रसांतलं पोटॅशियम बाधतं, त्यात घरच्या बागेतली केळीही आली. दुधीचा रस काढण्याआधी तुकडा चाखा. कडू लागला तर रस नाही आणि भाजीही नाही, कडू दुधी विषारी असतो.

उपचार चालू असताना त्रास वाढला तर काही जण सांगतात, “रोग बाहेर पडतोय, सहन करा.” दोन दिवसांपेक्षा जास्त वाढता त्रास, ताप, चक्कर, उलट्या असतील तर उपचार थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.

निसर्गोपचारकाकडे जाताना

बीएनवायएस ही निसर्गोपचार आणि योगाची पदवी साडेपाच वर्षांची असते, त्यात एक वर्ष इंटर्नशिप. पदवी विचारायला संकोचू नका. पुण्यात आयुष मंत्रालयाची राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था आहे. खान्देशातून जाणं लांब पडतं, पण किचकट, जुन्या दुखण्यासाठी तिथला सल्ला घेता येतो. चांगला निसर्गोपचारक पहिल्या भेटीत जास्त विचारतो आणि कमी सांगतो. जो डोळ्याच्या बुबुळात बघून पाच मिनिटांत सगळे रोग सांगतो, सगळी औषधं आजच बंद करायला लावतो, किंवा ज्याच्याकडे प्रत्येकाला तोच तक्ता मिळतो, त्याच्याकडून उठून या.

जाताना पिशवीत चौदा दिवसांची वही, काळाची रेघ, जुने-नवे रिपोर्ट आणि सध्या घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं ठेवा, पुड्या-चूर्णांसकट. वहीच्या शेवटच्या पानावर तुम्हाला स्वतःला काय कारण वाटतं तेही लिहून न्या. आणि तीन महिन्यांनी, ऋतू बदलला की, पुन्हा चौदा दिवस वही भरा. फवारणीतलं दुखणं आणि मे महिन्यातलं दुखणं एकाच कारणाचं असेल असं धरून चालू नका.